एका समाजावर एकच पुस्तक पुरत नाही

“यात नेहमी गोरीच मुलं का असतात?”

न्यूयॉर्कमधल्या एका बालवाडीत चित्रपुस्तक चाळताना पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने हा प्रश्न विचारला होता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या नियतकालिकात लिहिलेला लेख याच प्रश्नाने सुरू होतो. प्रश्न सांगून लॅरिक थांबल्या नाहीत, त्यांनी हिशोबच मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी मिळून मुलांसाठी ५,२०६ पुस्तकं काढली होती. मजकुरात किंवा चित्रात एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तकं त्यांत निघाली ३४९. म्हणजे ६.७ टक्के.

हा आकडा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. त्याच लेखातला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाचा तोच आहे. त्या ३४९ पुस्तकांपैकी जवळपास ६० टक्के पुस्तकांची कथा एक तर अमेरिकेबाहेर घडत होती, किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळात. त्या वेळच्या अमेरिकेत राहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, भावंडांशी भांडणाऱ्या साध्या कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट सांगणारी पुस्तकं एकूण पुस्तकांच्या एक टक्कासुद्धा नव्हती. ०.८ टक्के. थोडक्यात, ती माणसं पुस्तकात आली तरी दूरची, जुनी आणि परकी म्हणून आली. शेजारच्या बाकावरची म्हणून आली नाहीत.

प्राथमिक वर्गात बहुसांस्कृतिक बालसाहित्य शिकवताना जी चूक सर्वाधिक होते, ती नेमकी हीच. कपाटात पुस्तकं असतात, वर्षातून एक-दोनदा ती बाहेरही निघतात, पण त्यांतून मुलांना दिसतात ते फक्त सण, पेहराव आणि दुःख. एखाद्या समाजाबद्दल मुलाच्या मनात एकच पुस्तक असेल, तर तो समाज म्हणजेच ते पुस्तक असं त्याचं गणित होऊन बसतं. पुस्तक कितीही चांगलं असो.

म्हणजे नेमकी कोणती पुस्तकं?

व्याख्येवरून अभ्यासकांमध्ये बरीच वादावादी आहे, पण वर्गापुरतं एवढं पुरे: ज्या समाजगटांना छापील पुस्तकांत आजवर जागा मिळाली नाही किंवा चुकीची मिळाली, त्यांचं आयुष्य खरेपणाने सांगणारं साहित्य. काहीजण यात फक्त वंश आणि वांशिक गट धरतात. काहीजण धर्म, भाषा, स्थलांतर, गरिबी, अपंगत्व, वेगळ्या रचनेचं कुटुंब हेही धरतात. दुसऱ्या मताकडे माझा कल आहे, कारण वर्गातलं मूल स्वतःला एकाच खान्यात बसवून घेत नाही. अर्थात पहिल्या बाजूच्या म्हणण्यातही दम आहे. यादी फार लांबली की वंशभेदाचा अवघड विषय हळूच मागे सरकतो आणि ‘आपण सगळे वेगळे, आपण सगळे छान’ एवढंच उरतं.

या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली कल्पना अमेरिकन बालसाहित्य-अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांची. १९९० मध्ये त्यांनी एका छोट्या लेखात मांडलं की पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, आणि कधी सरकतं काचेचं दार. आरशात मूल स्वतःला पाहतं. खिडकीतून दुसऱ्याचं जग पाहतं. आणि दार सरकवून कल्पनेने त्या जगात पाऊल टाकतं. शिक्षक-प्रशिक्षणात ही कल्पना इतकी वापरली गेली आहे की तिच्या कडा झिजल्या आहेत. ‘अल्पसंख्य मुलांना आरसा द्या, बाकीच्यांना खिडकी’ असा तिचा सोपा अर्थ लावला जातो. मूळ लेखात त्यापेक्षा तिखट गोष्ट आहे. ज्या मुलांना पुस्तकात फक्त आपल्यासारखीच माणसं भेटतात, त्यांचंही नुकसान होतं, कारण जगात आपणच महत्त्वाचे असा फुगवलेला समज घेऊन ती मोठी होतात, असं बिशप यांनी स्पष्ट लिहिलं होतं. आणखी एक मुद्दा त्या करतात: उजेड योग्य पडला की खिडकीच्या काचेतही आपलं प्रतिबिंब दिसतं. परक्या मुलीची गोष्ट वाचताना ‘अरे, मलाही असंच वाटतं’ हे मुलाला उमगतं, तेव्हा नेमकं तेच घडत असतं. शिक्षकाला साधायचं आहे ते हे.

त्याआधी, १९८२ मध्ये, बिशप यांनी १९६५ ते १९७९ या काळातल्या, कृष्णवर्णीय अमेरिकन मुलांविषयीच्या १५० वास्तववादी पुस्तकांचा अभ्यास केला होता. त्यात त्यांना ढोबळमानाने तीन प्रकार सापडले. काही पुस्तकं गोऱ्या वाचकाची सदसद्विवेकबुद्धी जागवण्यासाठी लिहिलेली होती. त्यांत कृष्णवर्णीय मूल म्हणजे एक ‘प्रश्न’, आणि गोष्ट त्या प्रश्नाला बाकीचे कसे सामोरे जातात याची. दुसऱ्या प्रकारात चित्रातला त्वचेचा रंग सोडला तर त्या मुलाच्या घराचं, बोलण्याचं, नात्यांचं काहीच वेगळेपण नव्हतं. तिसऱ्या प्रकारात कथा त्या समाजाच्या आतून, त्याच्याच नजरेने, त्याच्या बोलीसकट सांगितलेली होती. या तिसऱ्या प्रकाराला त्यांनी सांस्कृतिक भान असलेली पुस्तकं म्हटलं. चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी नवीन पुस्तक हातात आल्यावर ही तीन खान्यांची चाळण अजून कामाला येते.

बर्फात खेळणारा मुलगा

एझरा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ १९६२ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक त्याला मिळालं. गोष्ट अगदी साधी आहे. पीटर नावाचा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला दिसतो, तो दिवसभर खेळतो. पीटर कृष्णवर्णीय आहे, पण मजकुरात कुठेही त्याचा उल्लेख नाही. त्याच्यावर अन्याय होत नाही, त्याला कुणी वाचवत नाही, तो कुणाला धडा शिकवत नाही.

याच पुस्तकावर लॅरिक यांनी त्या १९६५ च्या लेखात टीका केली होती. मजकूर रंगाविषयी गप्प आहे आणि आईचं चित्र जुन्या साच्यातलं आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय कीट्स स्वतः गोरे, पोलंडहून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. बिशप यांच्या चाळणीतून पाहिलं तर पुस्तक दुसऱ्या प्रकारात जातं. दुसऱ्या बाजूला, आपल्यासारखा दिसणारा मुलगा पहिल्यांदाच पुस्तकात भेटला याचा आनंद वाचकांच्या पिढ्यांनी व्यक्त केला आहे.

मग हे पुस्तक वर्गात वाचावं की नाही? वाचावं, बिनधास्त. फक्त तेवढं एकच वाचू नये. पीटरच्या शेजारी त्या समाजातल्याच लेखकाने लिहिलेलं, घरातली बोली आणि नाती असलेलं पुस्तक ठेवावं. तिसरं असं ठेवावं, ज्यात त्या समाजाचा संघर्ष आहे. तीन पुस्तकं झाली की मुलांना आपोआप कळतं की या समाजात खेळणारी मुलं आहेत, गाणाऱ्या आज्या आहेत आणि लढणारी माणसंही आहेत. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ च्या भाषणात एकाच कथेच्या धोक्याबद्दल जे सांगितलं, त्याचं वर्गातलं रूप एवढंच आहे. साचेबंद कथा खोटी असेलच असं नाही, ती अपुरी असते, हा त्यांचा मुद्दा.

बाजारातली परिस्थिती

तीन पुस्तकं जमवणं सोपं नसतं, हे मान्य. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून दरवर्षी मोजणी करतं. पहिल्या वर्षी आलेल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती फक्त १८. या केंद्राच्या २०१८ च्या आकड्यांवरून अभ्यासकांनी जे चित्र काढलं, त्यात ५० टक्के पुस्तकांची मुख्य पात्रं गोरी होती आणि २७ टक्के पुस्तकांत प्राणी, वाहनं वगैरे. कृष्णवर्णीय पात्रं १० टक्के, आशियाई ७, लॅटिन अमेरिकी ५ आणि मूळनिवासी १ टक्का. म्हणजे बोलणारे ससे आणि आगगाड्या या सगळ्या समाजांच्या बेरजेपेक्षाही जास्त. ब्रिटनमध्ये २०१७ साली निघालेल्या ९,११५ बालपुस्तकांपैकी जेमतेम ४ टक्के पुस्तकांत वांशिक अल्पसंख्याक पात्रं आढळली, आणि मुख्य पात्र तसं असलेली १ टक्का.

एक बारकावा महत्त्वाचा. एखाद्या समाजाविषयीची पुस्तकं आणि त्या समाजातल्या लोकांनी लिहिलेली पुस्तकं हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला वाढला म्हणून दुसरा वाढतोच असं नाही. म्हणूनच अमेरिकेत १९६९ मध्ये कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांसाठी कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि १९९६ पासून लॅटिन अमेरिकी वंशाच्या लेखक-चित्रकारांसाठी पुरा बेल्प्रे यांच्या नावाचा. शिक्षकाला याद्या धुंडाळायला वेळ नसतो. या दोन पुरस्कारांच्या मागच्या काही वर्षांच्या याद्या ही सुरुवातीला पुरेशी शिदोरी आहे.

सहलीला गेल्यासारखं शिकवणं

अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ च्या सुमारास एका पद्धतीला ‘पर्यटक अभ्यासक्रम’ असं नाव दिलं. एका आठवड्यात एक देश: त्यांचा सण, त्यांचा पदार्थ, त्यांची टोपी, एक हस्तकला, आणि पुढच्या सोमवारी गाडी मूळ अभ्यासक्रमावर. हे करताना शिक्षकाचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. मुलांना मात्र कळतं ते असं की ‘आपण’ म्हणजे रोजचं आयुष्य आणि ‘ते’ म्हणजे रंगीत गंमत.

अभ्यासक जेम्स बँक्स यांनी अभ्यासक्रमात विविध संस्कृतींना जागा देण्याचे चार टप्पे सांगितले आहेत. सर्वात खालचा म्हणजे थोर व्यक्ती आणि सण. त्यावर, मूळ अभ्यासक्रम तसाच ठेवून एखादं पुस्तक किंवा पाठ जोडणं. तिसऱ्या टप्प्यात खरा बदल होतो, कारण तिथे विषयाकडे पाहण्याची जागाच बदलते. बँक्स यांचंच उदाहरण: अमेरिकेच्या इतिहासात गोऱ्या वसाहतकारांच्या ‘पश्चिमेकडे वाटचाली’चा पाठ असतो. तिथल्या मूळनिवासी लाकोटा लोकांच्या दृष्टीने तो प्रदेश पश्चिम नव्हता, ते त्यांच्या विश्वाचं केंद्र होतं. पाठ तोच, फक्त उभं कुठे राहायचं ते बदललं, आणि सगळी गोष्ट बदलली. चौथ्या टप्प्यात मुलं जे कळलं त्यावर काही कृती करतात, जसं की वाचनालयाला पत्र लिहून हव्या त्या पुस्तकांची मागणी.

बहुतेक शाळा पहिल्या दोन टप्प्यांवर अडकतात. तिसऱ्यावर जायला वेगळा तास लागत नाही, वेगळं पुस्तक मात्र लागतं. स्थलांतरावरचा पाठ असेल, तर आलेल्या मुलाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आणि त्याच्या येण्याने गोंधळलेल्या वर्गमित्राच्या तोंडून सांगितलेली गोष्ट, अशी जोडी लावता येते.

लोककथांबद्दलही इथेच बोलायला हवं. ‘सिंड्रेला’ची वेगवेगळ्या देशांतली रूपं वर्गात वाचणं हा शिक्षकांचा आवडता उपक्रम आहे, आणि तो रंगतोही. मॅरिअन रोल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्येच या कथेची ३४५ रूपं जमवली होती. चीनमधल्या ये-श्येनची कथा नवव्या शतकात लिहून ठेवलेली आहे, शार्ल पेरो यांच्या फ्रेंच सिंड्रेलाच्या कितीतरी आधी. मुलांना हे ऐकून भारी वाटतं. पण चीनबद्दल वर्षभरात वाचलेली एकमेव गोष्ट जर ये-श्येनची असेल, तर मुलांच्या डोक्यातला चीन सोन्याच्या पादुकांचा आणि जादूच्या माशाचा राहतो. लोककथा वाचा, आणि लगेच पुढे त्याच देशातल्या आजच्या मुलाची गोष्ट वाचा, ज्याला गृहपाठाचा कंटाळा आहे.

पुस्तक हातात घेतल्यावर

वर्गात नेण्याआधी पुस्तक एकदा एकट्याने, मुलं समोर नाहीत असं समजून वाचावं. मी सर्वात आधी शेवट बघण्याचा सल्ला देईन. संकट कोण सोडवतं? नायक म्हणून ज्याचं नाव मुखपृष्ठावर आहे तो, की त्याच्या मदतीला धावून आलेला बहुसंख्य समाजातला दयाळू माणूस? अशी पुस्तकं वाचून मुलं दया शिकतात, आदर शिकत नाहीत. मग चित्रं. एकाच समाजाची दहा माणसं दाखवली असतील तर दहा वेगळे चेहरे आहेत का? १९३८ मध्ये अमेरिकेत निघालेलं पाच चिनी भावांचं एक लोकप्रिय पुस्तक याच कारणाने पुढे अनेक वाचनालयांत वादात सापडलं. भाऊ एकसारखे दिसणं ही कथेची गरज होती, पण चित्रातली आजूबाजूची माणसंही तशाच साच्यातली, तशीच पिवळी होती.

मग काळ. मूळनिवासी समाजांची पुस्तकं फक्त भूतकाळात घडतात का, हे नक्की तपासावं. नाम्बे पुएब्लो समाजातल्या अभ्यासक डेबी रीज यांनी वर्षानुवर्षं हा मुद्दा लावून धरला आहे: मुलांना वाटतं की ही माणसं आता उरलीच नाहीत. आणखी एक खूण मला भरवशाची वाटते. पुस्तक त्या समाजाच्या प्रत्येक शब्दाचा, प्रत्येक पदार्थाचा खुलासा करत बसत असेल, तर ते बाहेरच्या वाचकासाठी लिहिलेलं आहे. आतल्या माणसाला आपल्या आजीला काय म्हणतात हे समजावून सांगावं लागत नाही.

लेखक त्या समाजातलाच असावा का? २०१५ मध्ये लेखिका कोरिन डायव्हिस यांनी समाजमाध्यमावर ‘ओन व्हॉइसेस’ हा हॅशटॅग सुरू केला, म्हणजे पात्र ज्या वंचित गटातलं, लेखकही त्याच गटातला. त्याचा फायदा झाला. पण पुढे त्याचं विक्रीचं लेबल झालं, आणि लेखकांवर आपली खासगी ओळख जाहीर करण्याचा दबाव येऊ लागला. ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने २०२१ मध्ये ते लेबल वापरणं थांबवलं. माझं मत असं की लेखकाचं मूळ हा चांगला पहिला निकष आहे, शेवटचा नव्हे. बाहेरच्याने लिहिलेलं उत्तम पुस्तक असू शकतं. पण एका समाजावरची तुमच्या वर्गातली सगळी पुस्तकं बाहेरच्यांनीच लिहिलेली असतील, तर काहीतरी बिनसलं आहे.

वाचताना काय बोलायचं

पुस्तक कितीही पारखून निवडलं, तरी वर्गात ते तारतात किंवा बुडवतात ते शिक्षकाचे प्रश्न.

समजा, गोष्ट अशी आहे: नवीन देशात आलेली आठ वर्षांची मुलगी दवाखान्यात आईसाठी दुभाषी होते. डॉक्टरांचं बोलणं आईला आणि आईचं डॉक्टरांना समजावून सांगते. एका जागी ती डॉक्टरांचं एक वाक्य आईला सांगतच नाही.

‘या लोकांच्यात आणि आपल्यात काय फरक आहे?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात विचारला जातो. तो टाळावा. त्याने मुलगी मागे राहते आणि ‘ते लोक’ पुढे येतात. त्याऐवजी: तिने ते वाक्य का गाळलं असेल? तिला तेव्हा कसं वाटलं असेल? आईला ते नंतर कळलं तर? ही गोष्ट आईने सांगितली असती तर कुठून सुरू झाली असती? या प्रश्नांवर मुलं स्वतःच्या आयुष्यातली गुपितं, मोठ्यांना न सांगितलेल्या गोष्टी काढू लागतात. भाषेचा, स्थलांतराचा विषय त्यानंतर येतो, आणि तेव्हा तो माहिती म्हणून न येता त्या मुलीच्या अडचणीचं कारण म्हणून येतो: दवाखान्यात तिच्या आईची भाषा बोलणारं दुसरं कुणी का नव्हतं? आठ वर्षांच्या मुलीवर हे काम का पडलं? दुसरीतलं मूलही यावर ठाम मत देतं.

अमेरिकन साहित्य-अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी वाचनाचे दोन पवित्रे सांगितले होते: एक, मजकुरातून माहिती उचलून नेण्यासाठीचं वाचन. दुसरं, वाचतावाचता अनुभव जगण्यासाठीचं. बहुसांस्कृतिक पुस्तकं वर्गात आली की शिक्षक नकळत पहिल्या पवित्र्यात जातात, जणू ते भूगोलाचं पुस्तक आहे. नकाशा दाखवायला हरकत नाही, पण गोष्ट संपल्यावर.

आता सर्वात नाजूक जागा. वर्गात त्या समाजाचं एखादंच मूल असतं. गोष्ट रंगात आलेली असते, आणि शिक्षक प्रेमाने त्याच्याकडे वळून विचारतात, “तुमच्याकडे असंच असतं ना रे?” सगळा वर्ग मान वळवतो. त्या मुलावर क्षणात एका अख्ख्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायची जबाबदारी येते. कदाचित त्याच्या घरी तसं नसतंच. कदाचित असतं, पण त्याला ते मित्रांसमोर सांगायचं नसतं. कदाचित तो आज फक्त गोष्ट ऐकायला बसला होता. हे करू नये, कितीही मोह झाला तरी. त्याला स्वतःहून काही सांगायचं असेल तर तो हात वर करेल, तेव्हा त्याचं ऐकावं, आणि ते त्याच्या घराचं म्हणून ऐकावं, त्याच्या जातकुळीचं म्हणून नव्हे. गोष्ट जर छळाची किंवा अपमानाची असेल, तर त्या मुलाच्या पालकांना आधी कल्पना द्यावी, आणि शक्य असेल तर त्याच समाजाची आनंदाची गोष्ट वर्गात आधीच वाचून झालेली असावी.

मुलं टोचणारं बोलणार, हेही गृहीत धरावं. कुणीतरी चित्राकडे पाहून हसेल, कुणी ‘शी’ म्हणेल, कुणी घरी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं बोलून टाकेल. “असं बोलू नये” म्हणून विषय मिटवला की मुलं एवढंच शिकतात की या विषयावर तोंड उघडायचं नसतं. त्यापेक्षा शांतपणे विचारावं, “तुला असं कशावरून वाटलं?” उत्तर बहुतेकदा साध्या गैरसमजात निघतं आणि खरी माहिती देता येते. मात्र त्या बोलण्याने वर्गातलं एखादं मूल दुखावलं असेल, तर आधी त्याची बाजू सर्वांसमोर घ्यावी आणि चर्चा नंतर करावी. निष्पक्ष राहण्याच्या नादात ते मूल एकटं पडता कामा नये.

एवढ्या लहान वयात कशाला?

मुलांना भेद दिसत नाहीत, आपणच ते दाखवतो, असा एक आक्षेप नेहमी येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी १९४० च्या आसपास ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर रंग सोडून सर्व बाबतीत सारख्या बाहुल्या ठेवल्या. छान बाहुली कोणती विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली दाखवली. अमेरिकेत शाळांमधलं वांशिक विभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा संदर्भ आहे. तेव्हा मुलांना दिसतं, आणि शाळेत यायच्या आधीपासून दिसतं. आपण गप्प राहिलो तर अर्थ ती स्वतःच लावतात.

गोष्टींनी फरक पडतो का, याचंही उत्तर काही प्रमाणात मिळालं आहे. ब्रिटनमध्ये लिंडसी कॅमरन आणि सहकाऱ्यांनी ५ ते ११ वर्षांच्या मुलांना काही आठवडे निर्वासित मुलांच्या आणि स्थानिक मुलांच्या मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निर्वासितांबद्दलचं मुलांचं मत सुधारलेलं दिसलं. सर्वात जास्त परिणाम झाला तो अशा गोष्टींचा, ज्यांत दोघं एकाच शाळेची आहेत हेही ठळक होतं आणि एक जण निर्वासित आहे हेही लपवलेलं नव्हतं. ‘आपण सगळे सारखेच’ म्हणत वेगळेपण पुसून टाकणाऱ्या गोष्टी यापुढे फिक्या पडल्या.

पालकांना केव्हा सांगायचं

आधी. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका तरुण गोऱ्या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात कॅरोलिव्हिया हेरॉन या कृष्णवर्णीय लेखिकेचं पुस्तक वाचलं. एका मुलीच्या कुरळ्या केसांचं कौतुक करणारं ते पुस्तक मुलांना फार आवडलं, म्हणून शिक्षिकेने त्याच्या काही पानांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. घरी पोहोचल्या त्या काळ्या-पांढऱ्या, संदर्भ तुटलेल्या प्रती आणि शीर्षकातला केसांसाठीचा एक शब्द, जो पिढ्यान्‌पिढ्या हिणवण्यासाठी वापरला गेला होता. शाळेत संतप्त सभा झाली, आणि शेवटी शिक्षिकेने ती शाळा सोडली. सभेत आलेल्या बऱ्याच जणांची मुलं तिच्या वर्गात नव्हती.

पुस्तक चांगलं होतं, शिक्षिकेचा हेतूही. पण पालकांपर्यंत पुस्तक पोहोचलंच नाही, त्याचे तुकडे पोहोचले. पालकांचा राग मूर्खपणाचा होता असं मला म्हणवत नाही. ज्या शब्दाने आयुष्यभर टोचलं, तो शब्द बाहेरच्या माणसाच्या हातातून मुलाच्या दप्तरात आला, तर कुणीही आधी दचकेल. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना बोलावून, वाचायची पुस्तकं प्रत्यक्ष टेबलावर मांडून, त्यांना चाळू देणं हे एका दुपारचं काम आहे. त्या दुपारी एखादे आजोबा किंवा आत्या म्हणतात, “यात हे चुकीचं दाखवलंय,” आणि शिक्षकाला कुठल्याही यादीत न मिळालेली माहिती मिळते.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं

पाच संस्कृतींची नावं आणि सण विचारणारी चाचणी घेऊ नये, एवढं नक्की. मुलांच्या तोंडची वाक्यं ऐकावीत. वर्षाच्या सुरुवातीला ‘ते लोक असं करतात’ अशी वाक्यं येतात. सत्राच्या मध्यावर कुणीतरी ‘पण त्या दुसऱ्या पुस्तकातली मुलगी तसं करत नव्हती’ म्हणतं. हे वाक्य आलं की समजावं, एका पुस्तकाने बसवलेला साचा दुसऱ्या पुस्तकाने हलवला. चित्रं काढायला सांगितल्यावर मुलं कोणाकोणाला नायक करतात, हेही पाहावं. वाचनकोपऱ्यात फावल्या वेळात कोण कोणतं पुस्तक उचलतं, याची नोंद ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते: शिक्षकाने एकदा वर्गात मोठ्याने वाचलेली पुस्तकं मुलं पुन्हा मागतात, आणि नुसती मांडून ठेवलेली बऱ्याचदा तशीच कोरी राहतात.

सुरुवात करायची तर वर्षभरात सात समाज शिवण्याचा हट्ट धरू नये. दोन समाज घ्यावेत, प्रत्येकाची चार पुस्तकं. त्यांतली निदान दोन अशी असावीत, ज्यांत सण नाही, छळ नाही आणि थोर पुरुष नाही. हरवलेला बूट, रुसलेला मित्र, पडलेला दात, असलंच काहीतरी असावं.